बी.एड.च्या वर्गात किशोरवय कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नुकत्याच एका बी.एड. महाविद्यालयात रुजू झालात आणि ‘बाल्यावस्था आणि वाढ’ हा पेपर तुमच्या वाट्याला आला. त्यातली कुमारावस्था, प्रेरणा आणि अध्ययन ही प्रकरणं शिकवायची आहेत. छात्राध्यापक नोट्स मागतात, मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने सांगितलेल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या आठ अवस्था घोकतात, पेपरात बऱ्यापैकी मार्क मिळवतात आणि आंतरवासितेला शाळेत गेले की यातलं काहीही वापरत नाहीत. मग हे शिकवायचं तरी कसं?

मी २२ वर्षं हा विषय शिकवते आहे. त्यातली पहिली सहा-सात वर्षं तुम्ही वर्णन करता तसंच शिकवलं. ते सोडलं एका सराव पाठामुळे.

नववीचा वर्ग, मराठीचा तास. पाठ घेणारा छात्राध्यापक हुशार, माझ्या पेपरात वर्गात पहिला आलेला. त्याने मागच्या बाकावरच्या एका मुलाला उतारा वाचायला सांगितला. मुलगा उठला, पुस्तक हातात धरलं, पण वाचेना. पुन्हा सांगितलं, तर खाली बघत म्हणाला, “नाही वाचणार.” पोरं हसली. आमच्या छात्राध्यापकाने त्याला उरलेला तासभर उभं ठेवलं. मी मागे निरीक्षण वही घेऊन बसले होते. मी शेरा मारला, ‘वर्गनियंत्रण: चांगले’. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिका सहज म्हणाल्या, “त्याचा आवाज फुटतोय हो. मागच्या आठवड्यात परिपाठाला प्रतिज्ञा सांगताना चिरकला, सगळी शाळा हसली. तेव्हापासून तो वर्गात तोंडच उघडत नाही.”

कुमारावस्थेत मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, आवाज घोगरा होतो, हे त्या छात्राध्यापकाने महिन्यापूर्वीच माझ्या चाचणीत लिहिलं होतं. मी त्याला त्याचे मार्कही दिले होते. म्हणजे माहिती आम्हा दोघांकडेही होती, पण ती उत्तरपत्रिकेतच राहिली. समोर मुलगा उभा राहिला तेव्हा दोघांनाही फक्त ‘उद्धट’ एवढंच दिसलं.

तेव्हापासून मी या पेपरकडे एकाच नजरेने बघते. मुलाच्या वागण्याबद्दल शिक्षकाच्या मनात पहिला अंदाज क्षणात उमटतो: उद्धट आहे, आळशी आहे, लक्ष नाही, घरचं वळण नाही. तो उमटू नये असं म्हणण्यात अर्थ नाही, तो उमटणारच. मानसशास्त्राने भावी शिक्षकाला दुसरा अंदाज द्यायचा असतो, जमल्यास तिसरा, आणि ते तपासून बघण्याची सवय. मी आता कुठलाही सिद्धांत शिकवण्याआधी स्वतःला विचारते की यातून दुसरा अंदाज मिळतो का. मिळत नसेल तर तो सिद्धांत परीक्षेपुरता पंधरा मिनिटांत उरकते.

सुरुवात व्यक्ती अभ्यासापासून, म्हणजे एकाच मुलाच्या बारकाईने केलेल्या नोंदींपासून करा. प्रात्यक्षिकांच्या यादीत तो असतोच, आणि बहुतेक ठिकाणी तो गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवला जातो, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मी तो असा बदलला: शाळेतला एक विद्यार्थी निवडायचा, ‘समस्याग्रस्त’ नव्हे, कुठलाही. पाच दिवस, रोज दहा मिनिटं, फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं. विशेषणाला बंदी. ‘लाजाळू’ चालणार नाही, ‘दहा मिनिटांत एकदाही हात वर केला नाही, शेजारणीला दोनदा कानात उत्तर सांगितलं’ हे चालेल. पहिल्या दिवशीच्या वह्यांवर माझ्या लाल रेघाच रेघा असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना मूल दिसायला लागतं. पाचव्या दिवसानंतर एकाच वर्तनाला तीन अंदाज लिहायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं की हा खरा की खोटा हे उद्या मी कसं बघेन. ‘पालकांना बोलावेन’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. ते तपासणं नव्हे, तक्रार करणं झालं.

याच्या जोडीला ‘नववीतली मी’ किंवा ‘नववीतला मी’ असं एक पान लिहून घेते. तुमचे विद्यार्थी बावीस-तेवीस वर्षांचे आहेत, त्यांचं किशोरवय कालपरवाच संपलंय, तरी शिक्षकाच्या खुर्चीकडे तोंड वळलं की ते त्यांना आठवेनासं होतं. हे पान मी वर्गात वाचायला लावत नाही आणि त्याला मार्कही देत नाही. पहिल्या वर्षी वाचायला लावलं होतं. एक मुलगी मध्येच थांबली आणि बाहेर निघून गेली. कोणाच्या पानावर काय असेल ते आपल्याला माहीत नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. पाचातली एक. तुमच्या वर्गात बसलेल्यांपैकी काही जणी त्यातल्या असतील, किंवा त्यांच्या बाकावरची मैत्रीण त्यातली असेल.

आता आशयाकडे. कुमारावस्था शिकवताना पाठ्यपुस्तकं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले हॉलपासून सुरू होतात: १९०४, वादळ आणि ताणतणावांचा काळ. एवढं एकच वाक्य घेऊन छात्राध्यापक शाळेत गेले तर नुकसानच होतं, कारण प्रत्येक मूल त्यांना वादळ वाटायला लागतं. बहुसंख्य मुलं या वयातून फारशी आदळआपट न करता पार होतात, हे नंतरच्या संशोधकांनी पुरेसं स्पष्ट केलंय. हॉलला इतिहास म्हणून सांगा आणि पुढे चला.

मी ज्यावर रेंगाळते तो मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड. त्याने १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली: या वयात मुलांना सतत वाटत राहतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. चेहऱ्यावरची एक पुटकुळी, लांडी झालेली पँट, चिरकलेला आवाज. त्यांच्या लेखी हे सगळं रंगमंचावर घडत असतं. याला जोडून गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग सांगा. गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ, पिवळा दिवा लागलेला, थांबायचं की पुढे दामटायचं. खेळणारे काही एकटे, काहींच्या भोवती त्यांच्याच वयाचे सोबती. सोबती बघत असताना धोका पत्करण्याचं प्रमाण वाढलं, आणि ही वाढ प्रौढांपेक्षा किशोरांमध्ये ठळक होती. म्हणजे ‘एकटा असतो तेव्हा गुणी असतो हो, टोळक्यात बिघडतो’ हे आयांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. यातून छात्राध्यापकाला उद्याच्या तासासाठी एक गोष्ट मिळते: समज द्यायची तर चारचौघांत नाही. बाकाजवळ जाऊन, आवाज खाली आणून, एकच वाक्य, आणि तिथून पुढे सरकायचं. त्याच्या डोळ्यांत बघत उत्तराची वाट पाहत उभं राहिलात, तर तुम्ही त्याला प्रेक्षक मिळवून दिलेत.

इथे मी त्यांना आणखी एक गोष्ट विचारते, आणि वर्ग गप्प होतो. सराव पाठाला मागे निरीक्षक बसलेला असतो तेव्हा तुम्ही कोणासाठी शिकवत असता? तो छात्राध्यापक त्या मुलावर चिडला यात माझा, म्हणजे मागे बसलेल्या बाईंचा, वाटा मोठा होता. बावीस वर्षांचा एक आणि चौदा वर्षांचा एक, दोघंही आपापल्या प्रेक्षकांसमोर अब्रू सांभाळत होते. तेव्हापासून पहिल्या काही पाठांना मी वर्गात बसतच नाही. छात्राध्यापक दोघादोघांच्या जोडीने एकमेकांचे पाठ बघतात. निरीक्षणांची संख्या भरायची असते, ती नंतर भरता येते.

प्रेरणेचं प्रकरण सगळ्यात सोपं समजलं जातं आणि सगळ्यात वाईट शिकवलं जातं. मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड फळ्यावर काढायचा, पाच पायऱ्या लिहायच्या, झालं. (मॅस्लोने १९४३ च्या त्या लेखात पिरॅमिड काढलेलाच नव्हता, तो नंतर इतरांनी काढला. हे सांगितलं की वर्गाला उगाच फार आनंद होतो.) दुसरीकडे सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेक कौशल्य छोट्या पाठातून घोटून घेताना, आपण त्यांच्याकडून प्रबलन कौशल्याचा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला शाबासकी देण्याचा, सराव करून घेतो. छत्तीस मिनिटांचं चक्र, त्यातला अध्यापनाचा भाग सहा मिनिटांचा, आणि निरीक्षण तक्त्यावर ‘छान’, ‘शाब्बास’, ‘अगदी बरोबर’ यांच्या खुणा मोजायच्या. मी एकदा सहा मिनिटांत चौदा ‘शाब्बास’ मोजलेत. तिसरीच्या मुलाला ते गोड वाटेल. नववीच्या मुलीला लगेच कळतं की बाई हे पाठ करून आल्यात. शिवाय सर्वांसमोर कौतुक झालं की काही मुलांची मधल्या सुट्टीत चेष्टा होते, ती वेगळीच.

इथे लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग तपशिलात सांगा, नुसता निष्कर्ष नको. चित्रं काढायला मनापासून आवडणारी बालवाडीतली मुलं. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती रंगतं ते पाहिलं. आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेल्या गटाचा चित्रकलेतला रस कमी झालेला दिसला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा तसा कमी झाला नाही. मी इथे थांबते आणि विचारते: यावरून ‘बक्षीस वाईट’ असं म्हणता येईल का? चर्चा चांगली रंगते. बक्षिसापेक्षा त्याचा आधीच केलेला सौदा महत्त्वाचा ठरला, शिवाय मुलांना ते काम आधीच आवडत होतं. वर्गसमीकरणं कोणाला आवडत होती? आणि ही तीन ते पाच वर्षांची मुलं होती, किशोर नव्हेत, हे कोणीतरी लक्षात आणून दिलं की मला तो तास सार्थकी लागल्यासारखा वाटतो. संशोधन वाचायचं कसं, हे असंच शिकवावं लागतं.

मग डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत. माणसाची प्रेरणा टिकते ती तीन गरजा भागल्या की: स्वायत्तता, सक्षमता, आपलेपणा. किशोरांसाठी यातली पहिली गरज फार टोकदार असते आणि आपल्या शाळांत तीच सर्वांत कमी भागते. छात्राध्यापक लगेच म्हणतात, “मॅडम, दहावीचा पोर्शन संपवायचा असतो, तिथे कसली स्वायत्तता?” रास्त आहे. म्हणून मी क्रांती मागत नाही, एक बदल मागते. सरावसंचातली दहाच्या दहा उदाहरणं देण्याऐवजी ‘यातली कुठलीही सहा, पण एक तरी तुला अवघड वाटणारं’ असं म्हणा. ‘कारण मी सांगतोय’ ऐवजी एक खरं कारण द्या, आणि खरं कारण नसेल तर ‘हे कंटाळवाणं आहे, मलाही माहीत आहे’ असं सरळ कबूल करा. मुलं कंटाळवाणं काम करतात. त्यांना चिडवतं ते कंटाळवाण्या कामाला गंमत म्हणणं.

मानाचा मुद्दाही इथेच येतो. २०१६ मध्ये ब्रायन, येगर आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. ‘पौष्टिक खा, पुढे आरोग्य चांगलं राहील’ असं सांगण्याऐवजी त्यांनी एका गटाला दाखवलं की खाद्यकंपन्या लोकांना, लहान मुलांनाही, कशा गंडवतात, आणि चांगलं खाणं म्हणजे त्यांच्या डावाला न फसणं. दुसऱ्या दिवशी या मुलांनी जंक फूड कमी निवडलं. मोठ्यांचं ऐकणं म्हणजे आपलं स्वातंत्र्य गमावणं, असं वाटणाऱ्या वयाला त्याच स्वातंत्र्याच्या वाटेने नेलं. छात्राध्यापकांना याच धर्तीवर व्यसनमुक्तीचा एखादा पाठ रचायला सांगा. ‘धूम्रपानाचे दुष्परिणाम’ या नेहमीच्या तक्त्यापेक्षा कितीतरी जिवंत पाठ येतात.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेकची ‘वाढीची मनोवृत्ती’, म्हणजे बुद्धी प्रयत्नांनी वाढवता येते हा विश्वास, हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येते, तीही अर्धी. ‘तू हुशार आहेस’ ऐवजी ‘तू मेहनत घेतलीस’ म्हणा, एवढंच. पण जो मुलगा चुकीच्या पद्धतीने दोन तास राबतोय त्याला ‘आणखी मेहनत घे’ सांगणं हा क्रूरपणा आहे. त्याला वेगळी पद्धत दाखवावी लागते. अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मनोवृत्तीच्या छोट्या पाठाचा परिणाम दिसला, पण तो कमी गुण असलेल्या मुलांत आणि तोही लहानसा. उपयोग आहे, जादू नाही, असंच सांगा.

अध्ययनाच्या भागात थॉर्नडाइकची मांजर आणि स्किनरचा उंदीर हे प्राण्यांवरचे जुने प्रयोग येणारच. ते परीक्षेला येतात, शिकवा. पण एक प्रयोग वर्गातच करा. एका पानाचा अनोळखी उतारा घ्या. अर्ध्या वर्गाने तो दोनदा वाचायचा, अर्ध्याने एकदा वाचून पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं. आठवड्याने सगळ्यांनी आठवून लिहायचं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये असंच काहीसं केलं तेव्हा पाच मिनिटांनी विचारल्यावर पुन्हा वाचणारे पुढे होते आणि आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. माझ्याकडे बहुतेक वर्षी हेच होतं. एका वर्षी उलटं झालं, कारण दोन्ही गटांनी मधल्या आठवड्यात उतारा एकमेकांत वाटून घेतला होता. त्यावरही चांगला तास झाला.

हे किशोरांशी जोडायचं ते असं. दहावीची मुलं गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच पुन्हा पुन्हा वाचतात, ओळखीचं वाटायला लागतं आणि ‘झालं माझं’ म्हणतात. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांतला फरक त्यांना कोणी दाखवलेला नसतो. तासाच्या सुरुवातीला तीन मिनिटं कोऱ्या कागदावर कालचं लिहायला लावणं, मार्क न देता, हे कुठल्याही छात्राध्यापकाला जमतं. आणि पाठ टाचणात ‘दृक्, श्राव्य, कृतीप्रधान अध्ययनशैलीचे विद्यार्थी’ असा रकाना तुमच्याकडे असेल तर तो काढता येतो का बघा. शैली ओळखून तसं शिकवलं की मूल जास्त शिकतं याला पुरेसा आधार नाही, हे पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवून दिलंय.

झोपेवर अर्धा तास द्या. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत अशी शिफारस केली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सकाळी नऊच्या आधी वर्ग भरवू नयेत असं सांगितलं ते पूर्व प्राथमिक ते चौथीच्या मुलांसाठी. लहानग्यांसाठी चांगलंच झालं. पण दोन सत्रांच्या कित्येक शाळांत मोठे वर्ग सकाळी सातला भरतात, आणि उशिरा झोप येण्याचं वय नेमकं त्यांचं आहे. छात्राध्यापक वेळापत्रक बदलू शकत नाही. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलीबद्दल दुसरा अंदाज मात्र करू शकतो.

दहावीच्या विज्ञान भाग २ मधलं प्रजननाचं प्रकरण ‘घरी वाचून या’ म्हणून सोडलं जातं, हे तुम्ही आंतरवासितेत बघालच. छात्राध्यापकांना उपदेश करू नका, आधी त्यांची अडचण बघा. पुस्तकात ऋतुचक्र, घरात ‘बाजूला बसणं’, मित्रांत शिव्या. त्यांच्याकडे मधली, साधी भाषाच नसते. मी खोक्यात निनावी चिठ्ठ्या टाकून घेते, म्हणजे मुलं काय विचारतील असं त्यांना वाटतं ते प्रश्न, आणि जोड्यांमध्ये एकमेकांना साध्या मराठीत उत्तर द्यायला लावते. पहिला अर्धा तास नुसतं हसणं चालतं. चालू द्या.

याच तासाला एक कायदेशीर गोष्ट न चुकता सांगा. एखादी मुलगी किंवा मुलगा विश्वासाने जवळ येऊन म्हणेल, “मॅडम, कोणाला सांगणार नसाल तर सांगते.” तेव्हा ‘नाही सांगणार’ असं वचन कधीही देऊ नये. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘तुला मदत करायला लागली तर मला कोणाला तरी सांगावं लागेल, पण आधी तुला सांगेन’ हे वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावा.

राहता राहिल्या नोट्स. नोट्स मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर चिडू नका, त्यांच्या मागणीलाही दुसरा अंदाज लावून बघा. वर्गातल्या निम्म्या मुली घरचं आवरून येतात, काही मुलं संध्याकाळी शिकवण्या घेतात, आणि पेपरात ‘टीप लिहा: एरिक्सन’ खरंच येतं. मी सत्राच्या पहिल्याच दिवशी सांगते की शेवटच्या दोन आठवड्यांत मागच्या प्रश्नपत्रिका घेऊन आपण नोट्स मिळून तयार करू, प्रत्येक जोडीने एक मुद्दा, मी तपासून देईन. मग उरलेलं सत्र कोणी नोट्सचं नाव काढत नाही. तुमच्याकडे पहिल्या वर्षी वर्ग कुरकुरेल, प्राचार्यही एखादवेळी विचारतील. त्यांना आंतरवासितेनंतर व्यक्ती अभ्यासाच्या चार-पाच वह्या वाचायला द्या. लाल रेघांसकट.